बकरीचा पाचवा पाय

काकांच्या घरी टीव्ही बघायला जायचं म्हणजे आधी हात धुवावे लागत. नुसते पाण्याने नाही, साबणाने. आणि मग दोन्ही बाजूंनी ते त्यांना दाखवायचे. टीव्हीला हात कोण लावणार होतं! पण आयुष्यभर एक्स-रे फिल्म हाताळलेला माणूस तो, बोटाचा ठसा त्याला चोरीइतका मोठा गुन्हा वाटायचा. माझी लेक पहिल्यांदा त्यांच्याकडे जाऊन आली तेव्हा आठ वर्षांची होती. घरी येऊन तिने विचारलं, "आई, अंकल डॉक्टर आहेत?" मी म्हटलं, "हो. पाइपांचे."

ते काही अगदीच खोटं नव्हतं. मस्कतमध्ये अझैब्याला एक छोटीशी लॅब होती, तिथे काका आणि मी नोकरीला. नात्याने ते माझे कुणी नव्हते, सगळेच त्यांना काका म्हणत. आत वाळवंटात गॅसच्या पाइपलाइनी टाकत, त्यातल्या प्रत्येक जोडाचं वेल्डिंग झालं की त्याचा एक्स-रे काढत आणि त्या फिल्म आमच्याकडे येत. काका अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून बसत, भिंग फिरवत, आणि जोड पास की नापास ते सांगत. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. पदाचं नाव दणदणीत, काम एवढंच की काकांनी लिहिलेलं फायलीला लावायचं आणि ती फाइल मागेल त्याला दोन मिनिटांत काढून द्यायची. राहायलाही आम्ही अल् घुब्र्याला एकाच इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर मी, नवरा आणि लेक. तिसऱ्यावर काका एकटे. काकू गुहागरला.

या माणसाचे डोळे काय होते ते मी आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या डोळ्यांवरच आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी त्यांच्या खोलीत सह्या घ्यायला गेले होते. पेटीवर एक फिल्म होती. मला त्यात करड्यावर करडा पट्टा दिसत होता, बाकी काही नाही. काका म्हणाले, "हा जोड त्या तमिळ पोराने केलाय. दुपारी केलाय. आणि मध्ये एकदा उठून गेला होता तो, बहुतेक पाणी प्यायला." मी मनात म्हटलं, म्हातारा थापा मारतोय. जागेवर येऊन साइटवरचं रजिस्टर काढलं. वेल्डर तोच, वेळ दुपारची. पाण्याचं रजिस्टर नव्हतं म्हणून, नाहीतर तेही जुळलं असतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर जरा जपूनच उभी राहायला लागले. हा माणूस आपल्यातही काय काय बघत असेल कोण जाणे.

तर अशा या माणसाचं जगातलं सगळ्यात मोठं प्रेम म्हणजे एक कार्टून होतं. नाताळचं.

ते त्यांच्या आयुष्यात आलं त्याची गोष्ट ते दर वर्षी सांगत आणि दर वर्षी ती थोडी लांबत असे. सव्विसाव्या वर्षी ते ओमानला आले ते थेट वाळवंटातल्या कॅम्पात. इंग्रजी येत नव्हतं. कॅम्पातला एक इंग्रज इंजिनिअर कायमचा घरी जाताना आपला व्हीसीआर आणि एकुलती एक कॅसेट यांना देऊन गेला. मग आठवडाभर धुळीचं वादळ आलं आणि काम बंद पडलं. गुहागरचा हा मुलगा पत्र्याच्या खोलीत बसून आठवडाभर तेच अर्ध्या तासाचं कार्टून बघत राहिला. "बर्फ मी बघितला तो तेवढाच," ते म्हणत. "आणि तोही पंख्याखाली, घामाच्या धारांत."

कार्टून साधंच. बर्फातलं गाव, त्यात एक म्हातारा दिवेवाला आणि त्याची लंगडी बकरी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गावातले अकरा दिवे लावायचे असतात. दहा लागतात, अकराव्याला तेल पुरत नाही. मग गावातला एकेक जण दार उघडून आपल्या वाटीतलं थोडं तेल आणून ओततो. झालं, एवढंच. तिकडे परदेशात म्हणे ते दर डिसेंबरला टीव्हीवर लागतं आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे बसून बघतात. जुन्या काळचं, हाताने एकेक चित्र काढून केलेलं, त्यामुळे त्यात चुका भरपूर. आणि त्या चुकांवरच काकांचा जीव.

म्हाताऱ्याचा मफलर लाल आहे, पण तो पुलावर वाकतो तेव्हा क्षणभर हिरवा होतो. चर्चचं घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वाजून दहा मिनिटंच दाखवतं. बकरी पुलापर्यंत डाव्या पायाने लंगडते, पुलानंतर उजव्या. खड्ड्यावरून उडी मारताना तिला पाच पाय असतात. गाव वरून दाखवलंय तिथे दिवे अकरा नाहीत, बारा आहेत. या मुख्य चुका. बारीकसारीक धरल्या तर गणती नव्हती.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी काका इमारतीतल्या सगळ्या मराठी पोरांना बोलावत. शुक्र-शनिवारची सुट्टी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. हात धुवून झाले की पडदे ओढायचे, प्रत्येकाला फणसपोळीचा तुकडा आणि मूठभर शेंगदाणे. आणि मग नियम. पहिला नियम, चूक सापडली की हात वर करायचा, ओरडायचं नाही. दुसरा, चूक मराठीत सांगायची. "इंग्रजीत सांगितलीत तर शिवी दिल्यासारखं वाटतं," असं त्यांचं म्हणणं. शाळेत इंग्रजी आणि खेळताना इंग्रजी अशी ती पोरं. "शेपूट भिंतीच्या आरपार आलंय" एवढं वाक्य बोलताना त्यांना घाम फुटायचा. तिसरा नियम सगळ्यात कडक होता. चुकीला हसायचं नाही. चूक सापडली की विचार करायचा, हे काढणारा माणूस त्या दिवशी कसा असेल?

काकांनी स्वतः तो विचार तीस वर्षं केला होता. नुसत्या रेषांवरून त्यांनी ठरवलं होतं की हे कार्टून मुख्यतः चार जणांनी काढलंय. एक डावखुरा, एक घाईवाली बाई, एक मास्तर आणि एक नवीन लागलेला मुलगा. हिरवा मफलर बाईचा. "तिला घरी जायचं असणार. मूल आजारी असेल. रंगाची बाटली उचलली, बघितली नाही." पाचवा पाय नव्या मुलाचा. "एक पाय पुसायचा राहिला. मास्तरांनी बघितलं, पण बोलले नाहीत. पोरगं रडलं असतं." आणि तो बारावा दिवा? तो मास्तरांचा. "त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचा असेल तो. राहवलं नसेल."

मला आधी हे सगळं वेडगळ वाटायचं. मग एकदा मी गंमत म्हणून विचारलं, "काका, त्या बाईचं मूल आजारी होतं, हे तुम्हाला कसं हो कळलं?" ते शांतपणे म्हणाले, "चूक करणारा दमलेला असतो गो बाय. वाईट असणारे फार थोडे. मी इतकी वर्षं फिल्म बघतोय, मला वाईट वेल्डर दोनच भेटले."

या वेडात ते एकटे नव्हते, हे मला नंतर कळलं. इंटरनेटवर या कार्टूनच्या भक्तांची एक जागा होती. स्कॉटलंडच्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई, कॅनडातला एक ट्रक चालवणारा, असे देशोदेशीचे लोक तिथे जमून अशा चुकांचा कीस पाडत. प्रत्येक चुकीला नंबर, आणि ज्याने शोधली त्याचं नाव. भांडणं इतकी प्रेमळ की वाचताना हसू यायचं. काकांना टायपिंग जमत नसे, ते सांगत आणि माझी लेक टाइप करी. तिचं इंग्रजी आणि काकांचं डोकं मिळून त्या जागेवर आमच्या अल् घुब्र्याचा मोठा दरारा निर्माण झाला.

एकदा स्कॉटलंडच्या बाईंनी नवी चूक काढली. गावातल्या धुराड्यांचा धूर डावीकडे जातो आणि चर्चवरचा झेंडा उजवीकडे फडकतो. सगळे म्हणाले, वा बाई, मानलं. काका मात्र तीन दिवस अस्वस्थ. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते मला आणि लेकीला अझैब्याच्या समुद्रावर घेऊन गेले. हातात उदबत्त्यांचा पुडा आणि एक पतंग. वाळूत खड्डा करून त्याच्या आडोशाला उदबत्त्या पेटवल्या, पतंग वर चढवला, आणि आम्ही तिघं तासभर उभे. येणारेजाणारे ओमानी थांबून बघत होते. एकाने तर विचारलं, पूजा है क्या? दिवस मावळता मावळता उदबत्तीचा धूर समुद्राकडे वळला आणि वर पतंग मात्र डोंगराकडेच ओढत राहिला. "काढ फोटो!" काका ओरडले. फोटो गेला. वारा खाली एक आणि वर एक वाहू शकतो, म्हणून ती चूक नाही, असं सर्वानुमते ठरलं आणि बाईंनी नंबर मागे घेतला. काका त्या दिवशी जेवढे खूश होते तेवढे नवी चूक सापडल्यावरही मी त्यांना पाहिलं नाही. "निर्दोष सुटला बघ झेंडा," म्हणत त्यांनी आम्हाला घरी येईपर्यंत तीनदा चहा पाजला.

लॅबमध्येही तेच. एकदा रत्नागिरीकडच्या इस्माईलभाई नावाच्या वेल्डरचा जोड मॅनेजरने नापास करायला काढला. फिल्मवर चंद्रकोरीसारखी काळी चीर दिसत होती, अगदी मलासुद्धा. इस्माईलभाई दारात टोपी हातात घेऊन उभे. काकांनी फिल्म पेटीवरून काढली, खिडकीशी नेली, तिरकी धरून पृष्ठभागावरची चमक पाहिली. मग म्हणाले, "साब, ये पाइप का नहीं, फिल्म का है. किसी ने नाखून से मोडा है." नवी फिल्म काढली, जोड स्वच्छ. इस्माईलभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काका त्यांना एवढंच म्हणाले, "यल्ला, कामाला लागा. तुमचा हात मला माहीत आहे."

आता जे सांगायचं त्यात माझा हात आहे, म्हणून जरा जपून सांगते.

काकांची कॅसेट झिजत चालली होती. चित्रावरून पांढरे पट्टे सरकत, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. त्या वर्षी माझा नवरा कामासाठी दुबईला गेला होता, त्याला मी सांगितलं, मिळालं तर त्या कार्टूनची चांगली डिस्क आण. मिळाली. छान डबा, वर दिवेवाला आणि बकरी. मी ती गुपचूप ठेवून दिली आणि शुक्रवारच्या दुपारी सगळ्या पोरांसमोर काकांना दिली. काकांनी डबा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "अरे वा! आता पाचवा पाय खुरासकट दिसणार."

हात धुवून झाले, पडदे ओढले, डिस्क सुरू झाली. बर्फ इतका पांढरा की पोरांनी डोळे मिचकावले. काका टीव्हीपासून हातभर अंतरावर, बसायला वेताचा मोडा घेऊन. पुलाचा प्रसंग आला.

"मफलर बघा हां. आता वाकला की... हां! झाला हिरवा!"

कोणी हात वर केला नाही.

"काय रे, झोपलात काय? हिरवा!"

माझी लेक हळूच म्हणाली, "अंकल, रेडच आहे."

"नीट बघ गो."

"नीटच बघते. लाल आहे."

काकांनी मागे नेऊन परत लावलं. "हा काय! हा काय हिरवा!" त्यांनी काचेवर बोट टेकवलं. हो, टीव्हीला बोट. पनवेलकडच्या दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "लालच आहे अंकल, आईशप्पथ."

मग बकरीची उडी. काकांनी चित्र थांबवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पोरांनी मोजले ते चार. मीही पुढे होऊन मोजले. चारच होते.

खोलीत कुणी शेंगदाणासुद्धा चावेना. तेवढ्यात एका मुलाने डब्याची मागची बाजू वाचली आणि ओरडला, "डिजिटली रिस्टोअर्ड! फिक्स केलंय त्यांनी सगळं!" म्हणजे कंपनीने नवी प्रत काढताना जुन्या चुका दुरुस्त करून टाकल्या होत्या. एकदम सगळ्यांना हायसं वाटलं. पोरांनी त्या कंपनीच्या नावाने बोंब मारली. मी कपाळावर हात मारून घेतला. "काका, माझंच चुकलं हो. चांगली म्हणून आणली, तर मेल्यांनी सगळी मजाच पुसून टाकली."

काका हसले नाहीत. मोड्यावर तसेच बसून होते.

"डिस्कचं सोड," ते म्हणाले. "त्यांनी दुरुस्त केलं, ठीक केलं. पण मला आत्ता हिरवा दिसला."

"अहो, सवयीने वाटलं असेल."

"तेच तर. मी पाय मोजले गो, बोट लावून मोजले. पाचवा मला दिसला." त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग दुसरा झाकला आणि पाहिलं. पोरं पुन्हा फणसपोळीकडे वळली होती. "जे नाही ते मला दिसतंय. मग जे आहे ते दिसत असेल कशावरून?"

मी उठून पडदा थोडा बाजूला केला.

"इब्रीच्या नव्या पाइपलाइनीत गॅस कधी सोडतायत?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात."

त्यांनी मान हलवली आणि पोरांसाठी कार्टून पुढे चालू केलं.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी बराच वेळ चालली. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : डाव्या डोळ्याच्या पडद्याची मधली जागा बऱ्याच दिवसांपूर्वी गेली होती, आणि गेल्या चारेक महिन्यांत उजव्यातही सुरुवात झाली होती. अशा वेळी मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या आणि आठवणीतल्या गोष्टींनी भरून काढतो. "तुमची आठवण फार चांगली आहे," डॉक्टर म्हणाले, "म्हणून तुम्हाला कळलं नाही." लॅबच्या नियमाप्रमाणे काकांचे डोळे दर मार्चला तपासत. तेव्हा एका डोळ्याने निभावून नेलं होतं, आणि काकांना स्वतःलाही काही जाणवलं नव्हतं.

गाडीत मी त्यांना समजावायला लागले. माझा तो स्वभावच आहे, आणि मला भीतीही वाटत होती. त्यांची दोन वर्षं राहिली होती, मग मानाने निवृत्त होऊन गुहागरला जाणार होते. "काका, डोळ्यांचं कारण सांगून रजा टाका. उद्यापासून फिल्म बघू नका. पण मागचं कशाला उकरायचं?"

"मागचंच जमिनीत पुरलंय ना," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते मॅनेजरपुढे उभे राहिले. ऑगस्टपासून मी वाचलेली प्रत्येक फिल्म दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वाचून घ्या, एवढंच मागणं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याला घाम फुटला.

"काकाजी, आपका सर्टिफिकेट मार्च तक वॅलिड है. पेपर पे सब ठीक है. खलास!"

"पेपर में ठीक है साब. पाइप में देखना पडेगा."

"और क्लायंट को क्या बोलूँ? कार्टून में बकरी का पैर गलत गिना, इसलिए सब फिर से?"

"हां," काका म्हणाले. "यही बोलो."

मॅनेजर ऐकेना तेव्हा ते तसेच अर्बाबकडे गेले. आमचे अर्बाब, म्हणजे लॅबचे ओमानी मालक, वयस्कर आणि अबोल. मी फाइल घेऊन मागे उभी होते. अर्बाबांनी सगळं ऐकून घेतलं, कॉफीचा लहान पेला संपवला आणि विचारलं, "दूसरा आदमी गलती निकालेगा, तो तुम्हारा नाम लिखना पडेगा. मालूम?"

"इसीलिए आया है," काका म्हणाले.

अर्बाबांनी पेला खाली ठेवला. मग उठून उभे राहिले आणि काकांचा हात हातात घेतला. मी त्या ऑफिसात सहा वर्षं काढली, अर्बाब कुणासाठी उठलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

सोहारहून फिल्म वाचणारा एक तरुण आला. काका खोलीत पाऊल ठेवत नसत, आपली सावली दुसऱ्याच्या डोळ्यावर पडू नये म्हणून. बाहेर खुर्ची टाकून बसत. हात मात्र रोज धुऊन. मी भिंतीला लावलेली खोकी एकेक काढून आत देई आणि बाहेर येई. ते फक्त विचारत, "निघालं?" मी म्हणे, "नाही काका." चार दिवस गेले, आठ गेले. मला वाटायला लागलं, काहीच निघणार नाही. रोज रात्री देवापुढे दिवा लावताना मी तेच मागत होते, आणि काका नेमकं उलटं मागतायत की काय अशी मला शंका येत होती.

दहाव्या दिवशी तो तरुण एक फिल्म घेऊन बाहेर आला. इब्रीच्या लाइनीतला एक जोड. बरोबर मधोमध बारीक काळी रेघ, धातू एकजीव न झाल्याची. काका आत गेले, फिल्म पेटीवर लावली, भिंग घेतलं.

"कुठाय?"

त्याने बोट दाखवलं.

काका खूप वेळ पाहत राहिले. "छान जोड आहे," ते शेवटी म्हणाले. "मला विचाराल तर मी आत्तासुद्धा पास करीन." आणि त्यांनी भिंग पुसून त्याच्या हातात दिलं. त्यांचं स्वतःचं भिंग, तीस वर्षांचं. मला तिथे उभं राहवेना, मी फाइलीचं निमित्त करून बाहेर आले.

जोड कापायच्या दिवशी ते इब्रीला गेले. यायलाच हवं असं कुणी म्हटलं नव्हतं. मूळ कागद न्यायचे म्हणून मीही होते. लाइन उकरलेली होती, माणसं बाजूला उभी. पाइपाचं कडं कापून निघालं, त्याचा तुकडा करून घासून काकांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांनी प्रयत्नही केला नाही. अंगठ्याचं नख कापलेल्या कडेवरून सावकाश नेलं. एका जागी नख अडकलं. मागे घेतलं, पुन्हा नेलं, पुन्हा तिथेच अडकलं.

"आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढी मोठी सुटका मी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती. या जोडातून तीन आठवड्यांनी गॅस जाणार होता आणि त्या पलीकडे अर्ध्या मैलावर वस्ती होती, हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. भर उन्हात सगळ्यांसमोर मी पडलेही. "काय गो हे," म्हणत ते दोन पावलं मागे सरले.

परत आल्यावर फॉर्म भरायचा होता. दोष का राहिला त्याच्या कारणांचे रकाने होते : वेल्डर, मशीन, हवामान, फिल्म. काकांनी मला चारही वाचून दाखवायला सांगितलं.

"वाचणारा कुठाय?"

"तसा रकाना नाही काका. 'इतर'मध्ये लिहू?"

"इतर म्हणजे कोण? मी इतर नाही. रकाना काढ."

मी कॉम्प्युटरवर पाचवा रकाना काढला आणि फॉर्म नव्याने छापला. मॅनेजरने तो पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. काकांनी पेन मागून घेतलं. सही मी दाखवेन तिथे करा, असं म्हणत मी त्यांचा हात धरायला गेले, तो त्यांनी सोडवून घेतला. नाव लिहिलं, खाली लिहिलं, 'मी पाहिलं नाही', मराठीत, आणि सही केली. पंधरा दिवसांनी ते कायमचे गुहागरला गेले. लाइनीत गॅस ठरल्या दिवशीच सोडला.

तो रकाना लॅबने ठेवला. पुढे त्यात आणखी दोघांची नावं आली. त्या दोघांनी स्वतः येऊन सांगितलं होतं. काकांचं पान मात्र पाहणाऱ्याला खटकायचं. अक्षरं मोठी झालीत, ओळ उतरत गेलीय, आणि नाव रकान्याची रेघ ओलांडून शेजारच्या 'फिल्म'मध्ये शिरलंय. दर वर्षी ऑडिटर ती फाइल उघडे, त्या पानावर थांबे आणि मला सांगे, हे एवढं स्वच्छ टाइप करून लावा. मी दर वर्षी म्हणे, "इन्शाल्ला," आणि फाइल होती तशीच कपाटात ठेवून देई.